खाली डाव्या कोपऱ्यात

तीस वर्षं टिळक रस्त्यावरच्या एका कला महाविद्यालयात
मी स्लाइडचं मशीन चालवलं.
पगारपत्रकावर: शांतवन ओहोळ, शिपाई.
पडदे ओढायचे, दिवे घालवायचे
आणि पोंक्षे बाईंनी टिचकी वाजवली की
पुढचं शतक आणायचं.

खटक्.
सगळं सोनं. सोन्यात बसलेली मरिया,
मांडीवर म्हाताऱ्या चेहऱ्याचं बाळ.
बाई म्हणायच्या, खाली डाव्या कोपऱ्यात बघा.
तिथे गुडघे टेकून एक माणूस, बोटाएवढा.
सावकार असावा. चित्राचे पैसे त्याचे.

खटक्.
सोनं गेलं, त्या जागी आभाळ आलं,
नदी, पूल, पुलावर गाढव.
माणूस तिच्या कमरेइतका झालेला
आणि येताना बायकोला घेऊन आलेला.

खटक्. एकच खोली.
तो आणि मरिया एका मापाचे, मधे चौकटीची फरशी.
गुडघे अजून टेकलेलेच,
नजर मात्र आमच्याकडे, वर्गाकडे.

मग कुठेशी उत्तरेला
लोकांनी देवळांतली चित्रं उतरवून जाळली,
भिंतींना चुना फासला.
त्याची स्लाइड नव्हती. बाई तेवढा वेळ
पांढरा पडदाच ठेवायला सांगत.

त्यानंतर मासे, अर्धं सोललेलं लिंबू, पाव, पेला.
ताटं मांडलेली,
आणि जेवायला बसलेले तेराही जण उठून गेलेले.

खटक्.
तोच माणूस. एकटा. अख्खी चौकट भरून.
काळा कोट, हातात हातमोजे,
मागच्या भिंतीवर एक लहानसं चित्र:
मरिया. बोटाएवढी.

इथे बाई पाणी प्यायच्या.
मुलं अंधारात जांभया द्यायची.
मला आमचं गुरुवार पेठेतलं देऊळ आठवायचं,
तिथला पंखा, पात्यावर लाल रंगात
'कै. मार्थाबाई साळवे यांच्या स्मरणार्थ'.
पंखा फिरला की मार्थाबाई पुसून जायच्या.
भर उपदेशात वीज गेली
की हळूहळू परत यायच्या.

आता मशीन नाही, बाई नाहीत.
बाईंचा एक विद्यार्थी, वैजनाथ,
अप्पा बळवंत चौकाच्या मागे फ्लेक्स छापतो.
गणेशोत्सवाआधी गेलो तर पडद्यावर बेचाळीस चेहरे,
गॉगल, साखळ्या, जोडलेले हात;
आणि वर, एका फोन नंबरच्या शेजारी, गणपती.
मी काही बोलायच्या आत तो म्हणाला,
मामा, देव मोठा केला तर माणसं बसत नाहीत,
आणि बिल माणसंच देतात.

मी गेलो होतो आमच्या कामाला.
सुगीचा सण, सहा बाय चार, मंडळीच्या खर्चाने.
त्याने फाइल उघडली.
बिशपसाहेब, पाळकसाहेब, त्यांच्या सौ.,
भोपळे, कणसं, पंचकमिटी.
प्रभू कुठे रे?
आहेत की. पाठीमागे. फिकट ठेवलेत,
अक्षरं उठून दिसावीत म्हणून.

मग त्याने बाईंची नक्कल केली, हुबेहूब,
टिचकीसकट:
खाली डाव्या कोपऱ्यात बघा.

बघितलं. खजिनदार, श्री. शां. य. ओहोळ.
पेन्शनच्या कार्डावरचा फोटो, कान पुढे आलेले.
बोटाएवढा.

वैजनाथने माउसवर हात ठेवला.
जरा मोठा करू का, मामा?

बाहेर पुस्तकांचे टेम्पो हॉर्न देत होते.
मी उत्तर द्यायला
बराच वेळ लावला.