पेव क्रमांक एकशे चौदा

माझ्या प्रोग्रॅममध्ये हरिपुरातली पेवं आहेत:
खोली, तोंडाची रुंदी, आत किती पोती, कुणाच्या पावत्या.
आणि प्रत्येकाच्या पोटात एक शेवटचं फंक्शन, चार ओळींचं.
शेवटची पावती सुटली की त्याला आपोआप हाक जावी,
'रिकामं' असा शिक्का पडावा.

एकशे चौदा रिकामं होईना.
हळद कधीच गेलेली, यार्डात सौद्याला लागून विकलीसुद्धा,
पडद्यावर मात्र तुडुंब.
विश्रामबागच्या खोलीत रात्री दीडला सापडलं:
दोघे चुलतभाऊ, बिरनाळे,
ह्याच्या पावतीला तो जामीन, त्याच्या पावतीला हा.
बाहेरचं कुणी दोघांना विचारत नाही,
पण एकमेकांचा हात धरून बसलेत
आणि मोजणारा म्हणतो, थांबा, अजून कुणीतरी आहे.

सकाळी स्कूटी काढली.
लगमाण्णा पेवाच्या तोंडाशी सुपारी कातरत बसलेला.
विचारलं, पेव संपलं हे तुम्हाला कोण कळवतं?
त्याला प्रश्नच कळला नाही.
"कळवायचं कुनी? शेवटचं पोतं वर काढनारा म्याच की."

मग सांगत बसला.
आधी झाकण काढून अर्धा दिवस जाऊ द्यायचा,
मग दोरीनं कंदील सोडायचा.
विझला तर उतरायचं नाही, आतली हवा माणूस खाते.
तेवला तर खाली, भिंतीचं पाचट उपसायचं,
तळ झाडायचा, हातानं, कोपऱ्यापर्यंत.
"कोपरा कुठला म्हना, गोलच असतंय."

आणि हाकेची वाट बघितली तर?
"बगत्यात की. मालक लोक बगत्यात."
त्याने संगमाकडे हात केला.
"पान्याच्या वर्षी ती वळ सगळी हाकंवरच ठिवल्याली.
हाक मारनारा सोता पत्र्यावर चढला हुता."

हे मला माहीत होतं.
कधी बोलावतील, कोणाला आधी,
बोलावतील की नाही, कशाचीच हमी नाही,
हे मी परीक्षेत लिहून पाच मार्क घेतलेत.
वीज गेली, सर्व्हर पडला,
तर त्या चार ओळी तशाच झोपलेल्या राहतात,
कुणी उठवत नाही.
तरी लिहिल्या होत्या.
लिहिल्या की झाडल्यासारखं वाटतं.

रात्री धाकट्या बिरनाळ्याचा हात सैल केला:
थोरल्याला ओळखेल, धरून ठेवणार नाही.
एकशे चौदा गेलं, आवाज न करता.
मग प्रत्येक पेवातल्या त्या चार ओळी पुसल्या
आणि एक फंक्शन लिहिलं, ते आपोआप चालत नाही.
ज्यानं उघडलं त्यानंच चालवायचं,
मध्येच काही बिघडलं तरी, निघताना.
त्याला नाव दिलं लगमाण्णा.

पुण्याहून तपासणीचा शेरा आलाय:
नाव नियमात बसत नाही, बदला.

अजून बदललेलं नाही.