मागची सीट

वणीच्या थांब्यावर गाडी लावली,
डबा उघडला, तेवढ्यात मोबाईल थरथरला.
गाडी माझी. दंड माझ्या नावावर.
कॅनडा कॉर्नरचा सिग्नल, सकाळचे आठ अठ्ठावन्न.
(मी तेव्हा दिंडोरीत,
एका म्हातारीचं बोचकं आत घेत होतो.)

रेंज अर्धी. फोटो वरून खाली
पट्ट्यापट्ट्यानं उतरत गेला:
आधी दिवा, लाल.
मग स्कार्फ, डोळे सोडून सगळं झाकणारा,
तरी बापाला कपाळ पुरतं.
मग हेल्मेट. डोक्यावर नाही,
पायाशी, हुकाला,
मेथीच्या पिशवीसारखं.
मग पांढरे पट्टे आणि त्यांच्या पार पुढे चाक.
सगळ्यात शेवटी एल.

तो एल मी कापलेला.
डेपोतल्या पेंटरकडून लाल रेडियम मागून आणलं,
सुट्टीच्या दुपारी कात्री घेऊन बसलो.
ती म्हणाली, पप्पा, वाकडा झालाय.
म्हटलं, सहा महिन्यांचा तर पाहुणा.

गौतमी तिडमे, वय अठरा वर्षं, बेचाळीस दिवस.

कंडक्टर चारोस्कर मान लांब करून बघतो.
तिडमे, तुमच्या घरात चलन?
माझ्या खिशावर बिल्ला आहे,
बावीस वर्षं, विनाअपघात.
भाकरी तशीच गुंडाळून ठेवली.

घरी विचारलं. रडली वगैरे नाही.
प्रॅक्टिकल होतं नऊला, म्हणाली.
आणि पिवळा होता.
पिवळा म्हणजे काय गं?
म्हणजे, पप्पा, तुम्ही द्वारकेला करता तेच.

यावर मी पंख्याचा वेग वाढवला.

दुसऱ्या दिवशी दोघं चौकीत.
निमसे मॅडमनी कागद सरकवला,
बोट ठेवून एकेक वाचलं:
सिग्नल. हेल्मेट.
आणि हे तिसरं, कच्चं लायसन असून एकटी.
पक्कं लायसनवालं माणूस सोबत लागतं, माहीत नाही?
मग माझ्या खाकीकडे पाहून
आवाज खाली आणला:
तुम्हाला तर माहीत असणारच, ड्रायव्हरसाहेब.

माहीत होतं.
पेठ रोडला आरटीओच्या खिडकीपाशी
मीच तिला वाचून दाखवलेलं.
मीच म्हटलेलं, बसेन ना मी मागे, रोज.
रोज म्हणजे किती, हे तेव्हा दोघांनीही विचारलं नाही.
माझी ड्युटी पाच वाजता,
ती उठते तेव्हा मी घाटात.

रात्री फोटो पुन्हा काढला.
दोन बोटांनी मोठा केला, आणखी मोठा,
इतका की मुलगी फोटोबाहेर गेली
आणि राहिली तेवढी मागची सीट:
काळी, ऊन पडलेली,
मधोमध शिवण उसवलेली.
माझ्या पाठीमागे चव्वेचाळीस माणसं बसतात,
कुणी झोपतं, कुणी ओकतं, कुणाचं लग्न ठरवायला चाललेलं असतं.
हिच्या पाठीमागे एवढीशी जागा.

दंड मी भरला. निमे पैसे तिच्या खाऊच्या डब्यातून कापले,
ते तिनं मुकाट्यानं मोजून दिले,
शेवटचे वीस रुपये सुट्टे.

बुधवारी, माझ्या सुट्टीला, गंगापूर रोड.
मागे बसायची सवय नाही.
हातांचं काय करायचं कळत नाही,
उजवा पाय आपोआप
नसलेला ब्रेक दाबतो.
प्रत्येक गतिरोधकाला मी आधीच उडतो.
पप्पा, हलू नका ना,
पॅसेंजरसारखे बसा.

जेहान सर्कलला दिवा पिवळा झाला.
तिचे खांदे क्षणभर पुढे झुकले.
मी काही बोललो नाही. शप्पथ, काही नाही.
चाक पट्ट्याच्या अलीकडे थांबलं,
थोडं तिरकं, त्या एलसारखं.

आणि पाठीमागून हॉर्न,
लांब, चिडका, घाईतला.
मान न वळवता ओळखला,
गिरणाऱ्याची गाडी, आमच्याच डेपोची.
बावीस वर्षं वाजवला,
पण पुढे बसून ऐकायला
असा लागतो, हे माहीत नव्हतं.