पक्कड

खालच्या मजल्यावरच्या नातेलाचा फोन आला,
छतातून पाणी टिपकतंय म्हणाली.
पोती हे गाव दलदलीवर बसलंय,
इथं ओल कुणाला सुटत नाही. तरी गेलो.
लिफ्टच्या डबीत दहा तेत्रीचं नाणं टाकलं
आणि सातव्या मजल्यावर, त्सियालाबाईंकडे.
बंदरावर जकातीच्या कचेरीत होत्या त्या,
तीस वर्षं दुसऱ्यांच्या सामानाच्या याद्या करत.

गळती नेमकी त्या भिंतीत होती.
आणि त्या भिंतीवर, छतापासून फरशीपर्यंत
कागद. पिवळे, गुलाबी, निळे.
टाचण्या, आणि टाचण्यांमधून फिरवलेली तांबडी लोकर.
"कादंबरी आहे," त्या हळूच म्हणाल्या,
आत कुणी आजारी झोपलंय म्हणावं, तशा.

अकरा वर्षं झाली म्हणे.
माणसाचं नाव उशांगी. गाळ उपसणाऱ्या बोटीवर कामाला.
बुटाचं माप बेचाळीस. डाव्या कानानं कमी ऐकतो.
सव्विसाव्या वर्षी मुतखडा.
घर ते धक्का एक हजार नऊशे चार पावलं,
बाईंनी स्वतः चालून मोजलेली, भर थंडीत, दोनदा.
त्याच्या आजीच्या बहिणीचा नवरा कुठल्या तारखेला वारला
तेही एका निळ्या कागदावर.

"आणि लिहून किती झालीय?"

त्या कॉफी ठेवायला आत गेल्या.

मी नळवाला माणूस.
नकाशात पाइप सरळ असतो, एवढं मला माहीत आहे.
नकाशा काढणाऱ्याची बाही कोरडी असते, तेही.
फोडल्याशिवाय गंज कुठवर गेलाय
ते कुणाच्या बापाला ठाऊक?
पण यातलं काही बोललो नाही.
"बाई, कागद काढावे लागतील," एवढंच.

एकेक टाचणी त्यांनी स्वतः उपटली.
हात थरथरत होते, खोटं कशाला सांगू.
कागद अनुक्रमानं खोक्यात ठेवायचे होते,
तेवढ्यात सांधा सुटला, फवारा उडाला,
आणि उशांगीचं बालपण, त्याचं लग्न, तो मुतखडा,
सगळं माझ्या बादलीत.
पाणी थोडा वेळ निळं झालं.

त्या रडतील असं वाटलं. रडल्या नाहीत.
स्टुलावर बसल्या. मी छिन्नी चालवत होतो,
आणि नुसतं बसवेना म्हणून असेल, सांगायला लागल्या:
एका रात्री उशांगी बोटीवरून उतरतो.
"मग?"
घरी येतो. दार वाजवतो.
"मग?"
"मग बायको दार उघडते. असं ठरलंय."
छिन्नी मी थांबवली नाही,
थांबवली असती तर त्या सावध झाल्या असत्या.
"मग?"

"उघडत नाहीये."

हे त्या भिंतीकडे बघून म्हणाल्या.
भिंतीवर काही नव्हतं. ओल्या विटा होत्या.

मग कागद शोधू लागल्या. घरभर कागद, एक कोरडा नाही.
शेवटी माझं पावतीपुस्तक ओढलं,
माझ्याच कानावरचं पेन काढलं,
आणि उभ्या उभ्या, पावत्यांच्या पाठीवर,
ओट्याला टेकून लिहायला लागल्या.
कॉफी उतू गेली. मीच गॅस बंद केला.

माझे चाळीस लारी झाले होते. मागितले नाहीत.
भगदाड तसंच आहे, गिलावा मंगळवारी.
नातेलाला सांगितलं, गळती थांबली.

नाणं होतं खिशात, पण जिन्यानं उतरलो,
आणि मजल्यामजल्यावर तेच डोक्यात:
ती बाई दार का उघडत नाही?
रागावली असेल? आत दुसरं कुणी असेल?
की बहिरा कान मुळात तिचा होता
आणि त्सियालाबाईंनी तो चुकून नवऱ्याला दिला?

पक्कड मी तिथंच विसरून आलोय.
म्हणजे, उद्या सकाळी दार वाजवून
विसरलो होतो असं सांगणार आहे.