निळ्या पुठ्ठ्याची वही

डॉन एवारिस्तोच्या दुकानात शिरायला
दोन पायऱ्या उतराव्या लागत.
रस्ता वर आला की दुकान खाली गेलं,
यावरून माझे वडील आणि पोस्टमन सोसा
जन्मभर भांडले.

आत गेल्या गेल्या काही दिसायचं नाही.
आधी वास:
येर्बाच्या कडू पानांचा, रॉकेलचा, खारवलेल्या माशाचा,
आणि सगळ्यांच्या तळाशी
ओल्या फळ्यांचा.
मग एकेक वस्तू उजेडात यायची.
काचेच्या तोंडाचे खण, त्यांत पिठाचे शंख, पिठाचे तारे,
बिस्किटांचे चौकोनी डबे, पोटाला गोल काच,
आणि सर्वांत शेवटी स्वतः एवारिस्तो,
कानामागे पेन्सिल, अंगात राखाडी कोट,
ज्याच्या खिशात मांजराचं पिल्लू असतं
असं रुबेन शपथेवर सांगे.
मी एकदाही पाहिलं नाही.

चौदाव्या वर्षी तो गालिसियाहून बोटीनं आला.
पायसांडूत चाळीस वर्षं काढली,
तरी आकडे मोजायचा ते त्याच्या गावच्या बोलीत,
पुटपुटत,
घरच्या कुणाशी बोलावं तसं.

आई मला तेलाची बाटली देई, आणि वही.
निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे तेल पिऊन पारदर्शक झालेली.
पैसे शनिवारी,
चामड्याच्या कारखान्यात पगार झाला की.
तो पेन्सिलीचं टोक जिभेला लावायचा,
एक ओळ आमच्या वहीत, तीच ओळ त्याच्या वहीत,
आणि मग यापा, म्हणजे वरताळा:
कधी चार मनुका, कधी गोळी,
कधी नुसताच कानाला चिमटा.

सात वर्षांची असताना मला शोध लागला
की वहीला तोंड नसतं.
"आणि पाव किलो बिस्किटं. गुलाबी साखरेची.
आईनं सांगितलंय."
आईनं सांगितलं नव्हतं.
त्यानं चष्म्यावरून पाहिलं.
तोललं.
काटा पूर्ण थांबेपर्यंत थांबला.
लिहिलं.

बंदराच्या वखारीमागे, गंजक्या रुळांवर बसून
मी सगळी संपवली. रुबेनला चुराही दिला नाही.
पुढच्या मंगळवारी पुन्हा.
मग दर मंगळवारी.

शनिवारी आई दिव्याखाली बेरीज करायची,
मी टेबलाखाली, श्वास धरून.
"साबण," ती वाचायची. "तेल. साबण.
हा परत साबण."
मला काही कळेना. मग कळलं.
रक्कम बरोबर होती, फक्त नाव बदललेलं.
माझी चोरी त्यानं
साबणात लपवली होती.

मी तोंडावर हात दाबून हसत होते.
वर आई वडिलांच्या हातांकडे बघत होती,
कातडी कमावून पिवळे पडलेले,
कितीही धुतले तरी ज्यांचा वास जात नसे ते हात.
ती काही बोलली नाही.
तेच म्हणाले, "मी तर जपून वापरतो, इर्मा."

आणि त्या हिवाळ्यात
ते खरोखरच जपून वापरू लागले.
नळाखाली नुसतेच हात चोळत राहायचे,
वडी तशीच कोरडी, कोनाड्यात.

मग मी बिस्किटं मागितली नाहीत.
"साबण नको आज?" एवारिस्तोनं विचारलं,
अगदी सहज, बाटलीला बूच लावता लावता.
मी मान हलवली.
त्या दिवशी त्यानं यापा दिली की नाही
ते मला आठवत नाही. बाकी सगळं आठवतं.

आता तिथे मोबाईल दुरुस्त करतात.
पायऱ्या सिमेंटनं भरून टाकल्यात,
रस्ता आणि दुकान एका पातळीवर.
सोसा असता तर म्हणाला असता, बघ, सांगत होतो.

वडिलांचे हात शेवटी मी धुतले,
हॉस्पिटलच्या पितळी तस्तात.
कारखाना बंद होऊन एकवीस वर्षं झाली होती,
तरी बोटांच्या बेचक्यांत तो वास होताच, किंवा मला आला.
मी फेसावर फेस काढत राहिले,
फेस मनगटावरून चादरीवर सांडला.
सांगणार होते. तोंडही उघडलं होतं.
त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवून
हात जरासा मागे ओढला.
"पुरे, नेलिदा," म्हणाले.
"जपून."