रिकामी पोती

डंडीत डिसेंबरचा दिवस साडेतीनलाच मिटतो.
टे नदीवरचं धुकं चढत येतं
प्रयोगशाळेच्या जिन्यापर्यंत,
आणि मी काचेआड उभी,
दोनशे एकतीस नंबरचं संयुग
सिलिकातून उतरवत. थेंब, थेंब.

आधी एक पिवळा पट्टा निघतो.
तो टाकायचा.
पण पिवळं दिसलं की मला जतच्या बाजारामागचा
सटवाप्पा आठवतो, कावीळ उतरवणारा.
भालूचे हात चुन्याच्या पाण्यात धरून पुटपुटायचा काहीतरी,
पाणी हळदीसारखं व्हायचं,
आई पदराची गाठ सोडून रुपया द्यायची.
तळव्यांना आंब्याच्या सालीचा रस आधीच चोळलेला असायचा,
हे मला बी.एस्सी.ला कळलं.
आईला सांगितलं नाही.

कावीळ उतरली.
विषाणू नाही उतरला.
तो पेशीच्या गाभ्यात कडी होऊन बसला,
पागडी भरलेल्या भाडेकरूसारखा.
भालू आता चव्वेचाळीसचा. रोज रात्री एक गोळी,
तिनं फक्त त्याचा आवाज बंद राहतो, बिऱ्हाड हलत नाही.
फोनवर विचारतो, "ताई, तुझं औषध कुठवर आलं?"
जणू सांगलीहून सुटलेली एसटीच,
एव्हाना कवठ्याला आली असेल.

एल्स्पेथ शेजारच्या टेबलावर पेशी वाढवते.
तिची आजी इथल्या तागाच्या गिरणीत होती,
मागांच्या खडखडाटानं बहिरी,
ओठांवरून बोलणं ओळखणारी.
म्हणून मी तिला सांगितलं:
विषाणू पोतं शिवतो, त्यात बी भरतो,
मग धाडतो गावोगाव.
आपलं संयुग त्याला नुसती घाई लावतं.
बी भरायच्या आत तोंड शिवून होतं.
लाखो पोती बाहेर पडतात, सगळी रिकामी.
कुठेच काही उगवत नाही.

ती हसली नाही.
"आजीनं जन्मभर रिकामीच पोती केली," म्हणाली.
"बरं कोणी झालं नाही त्यानं."

फेब्रुवारीत उंदरांचे आकडे आले.
विषाणू खाली. आणि यकृताची एन्झाइम्स
चौपट वर.
इथे लिव्हर म्हटलं की लिव्हरच.
आमच्याकडे काळीज,
म्हणजे कधी यकृत, कधी हृदय,
कधी नुसती धाकट्याची धास्ती.
जे काळजासाठी केलं ते काळजालाच लागलं,
हे अहवालात कसं लिहायचं?
लिहिलं: थांबवावे.

एल्स्पेथनं चहा आणला, दूध जरा जास्तच.
बाहेर सीगल एका चिप्सच्या कागदावरून भांडत होते.
मी वहीत एक रेघ मारली
आणि फ्लोरिनचा अणू
एक घर डावीकडे सरकवला.

रात्री भालूचा फोन.
"कितवं आता?"
"दोनशे बत्तीस."
तो थोडा थांबतो. मागे कुकरची शिट्टी.
"म्हणजे गाडी अजून कवठ्यालाच," म्हणतो,
आणि पाण्याचा घोट घेतल्याचा आवाज येतो,
गोळीसकट.