सूतभर खाली

तुरिनमध्ये डोरा नदीच्या काठी टाइपची एक ओतशाळा होती.
दुसऱ्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीशी
एर्सिलिया बोनफान्ते
वीतभर उंचीचे ओ काढत बसायची.

मालकांनी बजावलं होतं: कंपास आणि पट्टी, बस्स.
यंत्रयुग आहे, बाई. शेपट्या नकोत, फुलोरा नको,
पाय रोवून उभं राहणारं जाड अक्षर हवं,
धावत्या ट्रॅममधून वाचता येईल असं.

तिने कंपासने ओ काढला.
निर्दोष वर्तुळ. आणि दिसायला साफ खोटं:
माथ्याला आणि तळाला सूज आल्यासारखं,
एचशेजारी बुटकं,
रेघेवर नीट टेकलेलं, तरी अधांतरी.

मग तिने कंपास पेटीत ठेवला.
माथा खरवडला, केसभर. तळही.
आणि अख्खा ओ रेघेच्या सूतभर खाली उतरवला,
जड माणूस गादीत रुतावा तसा.
आता कुठे तो गोल दिसू लागला.
मालक म्हणाले, बघा, भूमिती ती भूमिती!
ती काही बोलली नाही. पेन्सिलीला टोक करत राहिली.

"जाड अक्षराचं सगळं पोटात असतं,"
शिकाऊ नेव्हिओला ती सांगे.
"काळं कोणीही भरतं. तू पांढरं सांभाळ.
ईचं तोंड मिटलं की तो गुदमरला.
एनचा खांदा खांबाला मिळतो ना,
तिथे थोडं कोरून ठेव.
शाई साचते तिथे, वळचणीखाली पाणी साचावं तशी."

शिसं, अँटिमनी, कथील.
पुडक्यांत बांधलेले खिळे गावोगाव गेले.
साबणावर छापले, व्हर्मूथच्या बाटलीवर,
पोहण्याच्या तलावाशी: खोली दोन मीटर.
मग ते अक्षर भिंतींवर चढलं, पुरुषभर उंच,
हुकूम, हुकूम, आणि उद्गारचिन्हं.
ती त्या रस्त्याने जाणं टाळायची.
एकदा नेव्हिओने पाहिलं, भिंतीसमोर उभी होती,
ओठ हलत होते. शिव्या देत असेल, त्याला वाटलं.
ती म्हणाली, "आर आणि एमध्ये फट केवढी सोडलीय गाढवांनी."
नंतर घरी पोचेपर्यंत एक शब्द नाही.

युद्धाने बरंचसं शिसं मागून नेलं.
उरलेल्या खिळ्यांनी हरवलेल्यांची नावं छापली,
पावाचे भाव, संपाची पत्रकं,
आणि एका वर्षी सर्कस.

म्हातारपणी तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला.
वर्तमानपत्र राखाडी. सुनेचा चेहरा राखाडी.
पण समोरच्या औषधांच्या दुकानाची पाटी
ती स्वयंपाकघरातून वाचायची, रोज, मोठ्याने,
कुणी विचारलेलं नसताना.

गेली, तेव्हा मुलांनी संगमरवर निवडला
आणि त्यावर तिरकं, वेलबुट्टीचं अक्षर.
जाड अक्षर दुकानासारखं दिसतं, म्हणाले.
नेव्हिओ, आता सत्तरीचा, गप्प बसला.
परक्याच्या घरचं मरण.
फुलांना पाणी आणायला म्हणून नळाशी गेला.

नळावर पत्र्याची पाटी: हे पाणी पिण्याचे नाही.
त्यांच्या भाषेतल्या त्या 'नाही'च्या मधोमध
एक ओ, कडेने गंजू लागलेला.
झारी भरून वाहत होती.
त्याने अंगठ्याने ओची खालची कड चाचपली.

होती.
रेघेच्या सूतभर खाली.