मागे असा परिवार

तासाला अठरा पौंड, बसभाडं वेगळं.
काम : मयताची मराठी पत्रं वाचून दाखवणे.

विलनहॉलमधलं बारकं घर. जिन्याखाली अजून त्याचे बूट,
बुटांत वर्तमानपत्राचे बोळे, ओल शोषून घ्यायला.
मधुसूदन केळशीकर, वय ब्याऐंशी.
एकतीस वर्षं कुलपांच्या कारखान्यात.
मृत्युपत्र नाही.

गॅरेथ वारस शोधणाऱ्या कंपनीचा.
वारस सापडला तर त्याला टक्केवारी,
नाही सापडला तर सगळं मुकुटाच्या नावे.
मी म्हटलं, मुकुटाला कशाला हवा याचा मिक्सर?
तो हसला नाही. मिक्सरची नोंद केली.

त्याच्याजवळ एक तक्ता, वरून खाली उतरणारा :
बायको. मुलं. आईबाप. सख्खी भावंडं,
मग अर्ध्या रक्ताची, मग आजी-आजोबा,
आणि तळाच्या चौकटीत काका मामा आत्या मावश्या,
एस.टी.त बसावेत तसे दाटीवाटीनं.
शेजार कुठेच नव्हता.

शेजार दारात उभा होता. डोरीन.
अकरा हिवाळे तिनं झाकून सूप आणलं,
त्यानं तिच्या कड्याकोयंड्यांना तेल घातलं.
ॲम्ब्युलन्स आली त्या रात्री
ही नाइटीवर मेलेल्या नवऱ्याचा कोट चढवून त्याच्याबरोबर गेली.
"मी कुठे सही करायची?"
गॅरेथ म्हणाला, कुठेच नाही.
मी भाषांतराला तोंड उघडलं,
मग लक्षात आलं, हे इंग्रजीतच चाललंय.

पत्रं निळी, घडीवर विरलेली.
आईचं वर्षश्राद्ध पार पडलं. तुझे पैसे पोचले.
कौलं बदलली. तुझे पैसे पोचले.
आक्काच्या मुलाची मुंज. पैसे पोचले.
आक्का म्हणजे आतेबहीण, मी सांगितलं.
तो म्हणाला, कझिन.
मी म्हटलं, हो, पण आते.
त्यानं 'कझिन' लिहिलं.
आक्का गेलेली. मुंज झालेला मुलगा देवरुखला, निवृत्त.
फोनवर पहिल्यांदा म्हणाला, हे नाव ऐकलेलं नाही,
दुसऱ्यांदा म्हणाला, साधारण किती?

बिस्किटांच्या डब्यात किल्ल्या होत्या,
ज्यांची कुलपं जगात कुठे गेली कोण जाणे.
किल्ल्यांच्या तळाशी एक पाकीट,
चिकटवलेलं. कधीच न फोडलेलं.
कुठलंही कुलूप उघडणाऱ्या माणसानं
एवढा गोंद तेवढा सोडून दिला.

गॅरेथनं लोण्याच्या सुरीनं फोडलं.
चारच ओळी.
*मुलगी झाली. रंग माझा, कान तुमचे.
मागणं काही नाही.
कळवायचं म्हणून कळवलं.
सु.*
गावाचं नाव नाही. शिक्का फिसकटलेला,
त्यातलं शेवटचं 'गाव' तेवढं शाबूत.
आपल्याकडे अर्ध्या जिल्ह्यांत काय, गावच असतं.

काय म्हणतंय, गॅरेथ म्हणाला.
मी तासावर होते. घड्याळ होतं समोर.
डोरीन सिंकपाशी उगाच कप विसळत होती.
मग मी सांगितलं, सगळं, कानांसकट.

त्यानं खोडरबर घेऊन देवरुख पुसलं.
मधुसूदनच्या नावाखाली एक सरळ रेघ ओढली,
रेघेच्या टोकाला प्रश्नचिन्ह.
लग्नाचं असो नसो, तो म्हणाला, मूल आधी.
म्हणजे कुठल्यातरी -गावात पन्नाशीची एक बाई
केस कानांमागे सारत असेल,
पहिल्या क्रमांकाची वारस,
आणि तिला आज रॉकेल, गॅस, गुडघे, असलं काहीतरी.

आपल्याकडे पेपरात छापतात :
त्यांच्या मागे अमुक अमुक असा परिवार आहे.
ह्याच्या मागे काय छापायचं ते मला कुणी विचारलं नाही.
ते कामात नव्हतं.

निघताना गॅरेथनं डोरीनकडून किल्ली मागून घेतली,
प्लॅस्टिकच्या पिशवीवर नंबर घातला.
बाहेर येऊन दार ओढलं, तर किल्ली फिरेना.
कुलूप त्याच्याच हातचं.
गॅरेथनं खांदा लावून पाहिला, मीही पाहिलं.
दार जरा वर उचलायचं, श्वासभर थांबायचं,
मग डावीकडे.
डोरीनला हाक मारावी लागली.